ताटातला प्राणी आणि प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायथागोरस आपल्याला भेटतो तो शाळेच्या भूमितीत, काटकोन त्रिकोणाच्या कर्णावर. पण एकोणिसाव्या शतकात 'व्हेजिटेरियन' हा शब्द रुळेपर्यंत मांस न खाणाऱ्या माणसाला युरोपात 'पायथागोरी' म्हणत, हे सांगितलं की लोक चमकतात. मग एकामागून एक प्रश्न येतात. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत.

प्राचीन ग्रीक माणूस रोज मांस खायचा का?

नाही. रोजच्या जेवणाचे दोन भाग असत. एक सीतॉस, म्हणजे धान्य: जवाची भाकर किंवा लापशी, ऐपत असेल तर गव्हाचा पाव. दुसरा ऑप्सॉन, म्हणजे त्या धान्याबरोबर जे काही असेल ते: ऑलिव्ह, चीज, कांदा, डाळी, मासळी. ऑप्सॉनला मराठीत चपखल शब्द आहे, कोरड्यास. कुणी कालवण म्हणेल, कुणी तोंडीलावणं. इंग्रजी भाषांतरकार या शब्दापाशी हमखास अडखळतात, आपल्याला तो लगेच कळतो.

भाकर कमी आणि कोरड्यास जास्त खाणं हे हावरटपणाचं लक्षण मानलं जाई. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफॉन याने एक प्रसंग सांगितला आहे. पंगतीत एक तरुण पावाला हात न लावता नुसतं ऑप्सॉन खात बसलेला, आणि सॉक्रेटिस सगळ्यांदेखत विचारतो की अशा माणसाला काय नाव द्यायचं बरं? तरुण ओशाळतो आणि घाईघाईने पाव उचलतो. खाण्याविषयीची ग्रीक नीती आधी अशी होती: किती खातोस, कशाला भुलतोस. कुणाला खातोस हा प्रश्न मोजक्या लोकांनी विचारला, आणि त्यांना तो महागात पडला.

महागात का पडावा? नको असेल तर खाऊ नये, एवढंच ना?

एवढंच नव्हतं. बैल, मेंढी, शेळी, डुक्कर यांचं मांस लोकांच्या वाट्याला यायचं ते बहुतेक वेळा बळीच्या निमित्ताने. गावाचा सण, देवाची वेदी, मिरवणुकीने आणलेलं जनावर. त्याच्या अंगावर पाणी शिंपडायचे, जवाचे दाणे टाकायचे. त्याने मान हलवली की त्याची संमती मिळाली असं धरत. (ही संमती कोणी किती मनावर घेत होतं यावर अभ्यासकांची अजून जुंपते.) मारल्यावर मांड्यांची हाडं चरबीत गुंडाळून देवासाठी जाळायची. काळीज, यकृत वगैरे सळयांवर भाजून जवळची मंडळी तिथेच खायची. उरलेल्या मांसाचे वाटे पडायचे.

देवाला हाडं आणि माणसाला मांस, हे कसं? हेसिअडच्या काव्यात त्याची कथा आहे: माणसांचा कैवारी प्रॉमिथिअस याने देवांचा राजा झ्यूस याच्यापुढे दोन ढीग ठेवले, एकात चकचकीत चरबीखाली नुसती हाडं, दुसऱ्यात ओंगळ पोटाच्या कातड्याखाली चांगलं मांस, आणि झ्यूसने चरबीचा ढीग उचलला.

तेव्हा वाटा नाकारणं म्हणजे केवळ पथ्य पाळणं नव्हे. गावाच्या पंगतीतून उठून जाणं, देवाशी गावाने केलेल्या व्यवहारात सामील न होणं, असा त्याचा अर्थ निघे.

बैल मारल्याबद्दल चाकूवर खटला चालायचा, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नव्हे, अथेन्समधला विधी. नाव बुफोनिया, शब्दशः 'बैलाची हत्या'. 'बळी' हा शब्दसुद्धा वापरलेला नाही, हत्याच म्हटलं आहे. उन्हाळ्यात अक्रॉपोलिस या अथेन्समधल्या टेकडीवर झ्यूसच्या वेदीवर धान्य ठेवत आणि तिच्याभोवती बैल फिरवत. जो बैल ते धान्य खाई, तोच निवडला जाई. एक जण कुऱ्हाडीचा घाव घालून पळून जाई.

मग चौकशी. पाणी आणणाऱ्या मुली म्हणत, आम्ही फक्त धार लावायला पाणी आणलं, दोष धार लावणाऱ्यांचा. धार लावणारे कुऱ्हाड हातात देणाऱ्याकडे बोट दाखवत, तो गळा कापणाऱ्याकडे, आणि तो चाकूकडे. चाकूला तोंड नाही. तो दोषी ठरे आणि समुद्रात फेकला जाई. बैलाचं कातडं गवताने भरून, शिवून, पुन्हा उभं करत आणि नांगराला जुंपत. मांस मात्र सगळ्यांनी खाल्लेलं असे.

ग्रीकांना प्राणी मारताना काही वाटतच नव्हतं, असं म्हणणाऱ्याला मी हा विधी सांगतो. वाटत होतं, आणि ते कुठे ठेवावं ते कळत नव्हतं.

पायथागोरस खरोखर शाकाहारी होता का?

साक्षी परस्परविरोधी आहेत. पायथागोरसने स्वतः लिहिलेलं काही हाती नाही. जन्म इ.स.पू. ५७० च्या सुमारास सामॉस बेटावर, पुढे दक्षिण इटलीत क्रोटॉन इथे त्याने आपला पंथ उभारला. त्याच्याच काळातला झेनोफेनीस हा कवी त्याची टर उडवतो: वाटेत कुणी कुत्र्याच्या पिल्लाला मारत होतं, तेव्हा हा म्हणाला, थांब, मारू नकोस, हा माझ्या एका मित्राचा जीव आहे, आवाजावरून ओळखला मी. चेष्टा आहे, पण मौल्यवान चेष्टा. पायथागोरस पुनर्जन्म मानतो आणि त्यात प्राणी येतात, हे त्याच्या हयातीतच लोकांना ठाऊक होतं.

पुढचं सगळं धूसर. शेवटच्या पायथागोरींना ओळखणारा ॲरिस्टॉक्सेनस सांगतो की तो बाकी सगळं खायचा, फक्त नांगराचा बैल आणि मेंढा वर्ज्य. प्रमेय सापडल्याच्या आनंदात त्याने बैल बळी दिला, अशीही कथा आहे. ती अनुयायांना इतकी टोचली की पुढे कुणीतरी तो बैल कणकेचा करून टाकला. पिष्टपशू ही युक्ती आपल्याला नवीन नाही.

इ.स.पू. चौथ्या शतकातल्या अथेन्सच्या विनोदी नाटकांत मात्र चित्र पक्कं झालेलं दिसतं. आपल्याकडे 'माळकरी' म्हटलं की ताटात काय नसणार हे वेगळं सांगावं लागत नाही, तसं तिथे 'पायथागोरी' म्हटल्यावर होई. ॲलेक्सिसच्या नाटकात एक जण म्हणतो, अमका तर पायथागोरी असून कुत्रं खातो. दुसरा म्हणतो, हो, पण आधी मारून मग खातो. मग ते सजीव कुठे राहिलं?

हा विनोद ज्या शब्दावर उभा आहे तो लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. एम्प्सिखॉन: ज्यात प्सिखे म्हणजे प्राण आहे ते. ग्रीक लोक या पथ्याला 'मांस सोडणं' म्हणत नसत. 'एम्प्सिखापासून दूर राहणं' म्हणत. म्हणजे सोडायचं ते मांस नव्हे, मारणं.

आणि बाकल्याच्या शेंगांचं काय?

पायथागोरींना बाकला वर्ज्य होता. का, यावर प्राचीन काळापासून डझनभर उत्तरं आहेत: वायू होतो, आकार विचित्र दिसतो, मृतांशी संबंध आहे. ॲरिस्टॉक्सेनसने इथेही पाचर मारली आहे. त्याच्या मते बाकला ही पायथागोरसची आवडती भाजी होती.

एम्पेडॉक्लिस काय म्हणत होता?

सिसिलीतल्या आक्रागासचा हा कवी, वैद्य आणि तत्त्वज्ञ. इ.स.पू. पाचवं शतक. पायथागोरसबद्दल आपण ऐकीव बोलतो; एम्पेडॉक्लिसच्या ओळी तुकड्यातुकड्यांनी का होईना, पण उरल्या आहेत. तो सांगतो की मी याआधी मुलगा होतो, मुलगी होतो, झुडूप, पक्षी आणि मासा होतो. एका तुकड्यात बाप प्रार्थना पुटपुटत बळीचं जनावर उचलतो आणि त्याचा गळा कापतो. ते जनावर त्याचा स्वतःचाच मुलगा असतो, रूप बदलून आलेला. जनावर विनवण्या करतं, बापाला ऐकू येत नाही. मग तो घरी जाऊन मेजवानी मांडतो.

दोन-अडीच हजार वर्षं झाली तरी ही ओळ वाचताना घास अडकतो. एम्पेडॉक्लिस इथे दयेचं आवाहन करत नाही, नातं दाखवतो. पुढच्या सहा-सात शतकांचा वाद याच मुद्द्यावर फिरला: प्राणी आपले सोयरे आहेत की नाहीत?

प्लेटोने याबद्दल काही लिहिलं आहे?

'रिपब्लिक'मध्ये सॉक्रेटिस साध्या, निरोगी नगराचा बेत सांगतो: जवाच्या आणि गव्हाच्या भाकऱ्या, मीठ, ऑलिव्ह, चीज, कांदे, भाज्या, अंजीर, हरभरे, बाकला. मांसाचं नाव नाही. ग्लॉकॉन वैतागतो: डुकरांचं नगर वसवलं असतंस तर त्यांना आणखी काय घातलं असतंस? मग सॉक्रेटिस चैनीचं नगर मांडतो. त्यात डुकरं पाळणारे येतात, कळप येतात, वैद्य जास्त लागतात, जमीन पुरत नाही, आणि शेजाऱ्याच्या जमिनीवर डोळा जाऊन युद्ध होतं. इथे चिंता प्राण्यांची नाही, कुरणाची आहे. पण हा धागा आज पर्यावरणवाले उचलतात तेव्हा तो उसना नसतो.

ॲरिस्टॉटलने 'प्राणी माणसासाठीच' असं म्हटलं, ते कुठे?

'पॉलिटिक्स'च्या पहिल्या भागात: वनस्पती प्राण्यांसाठी, प्राणी माणसासाठी; निसर्ग विनाकारण काही करत नाही, म्हणून हे सगळं माणसासाठीच केलं असणार. चार-सहा ओळी, पण युरोपने त्या घट्ट धरून ठेवल्या.

गंमत अशी की याच माणसाने प्राण्यांकडे जितकं टक लावून पाहिलं तितकं त्याच्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. कोंबडीची अंडी फोडून आत काय घडतंय हे त्याने टिपलं आहे: तीन दिवसांनी पांढऱ्या भागात हृदय दिसतं, रक्ताच्या ठिपक्याएवढं, आणि तो ठिपका जिवंत असल्यासारखा उसळतो. प्राण्यांत धैर्य, भित्रेपणा, माया, राग यांच्या खुणा माणसासारख्याच असतात, असंही तो लिहितो. फक्त बुद्धी, म्हणजे विचार करणारा जीव, त्याने माणसाकडे ठेवला आणि दार लावून घेतलं.

ते दार त्याच्याच वारसदाराने उघडलं. थिओफ्रास्टस, लेस्बॉस बेटावरचा, ॲरिस्टॉटलनंतर त्याची शाळा चालवणारा. वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणून त्याला ओळखतात. त्याचा 'युसेबेया'वरचा, म्हणजे देवाधर्माशी नीट वागण्यावरचा ग्रंथ हरवला, पण त्यातले मोठे उतारे सहाशे वर्षांनंतरच्या पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने उतरवून ठेवले. त्यातला मुद्दा असा: बळी देताना आपण जे देतो ते आपलं असायला हवं. झाडाचं फळ घेतलं तर झाड मरत नाही, ते फळ गळणारच होतं. प्राण्याकडून आपण त्याचा प्राण घेतो, आणि तो आपला नाही. दुसऱ्याकडून हिसकावलेलं देवाला वाहणं ही पूजा कसली? शिवाय त्यांची कातडी, मांस, शरीरातले रस आपल्यासारखेच, आणि भूक, राग, जाणीवही. म्हणून ते सोयरे. पुनर्जन्माचा आधार न घेता, नुसत्या शरीर आणि मनाच्या निरीक्षणावर ही सोयरीक जोडणारा तोच. मला विचाराल तर या सबंध वादातला सर्वांत दुर्लक्षित माणूस थिओफ्रास्टस आहे.

स्टोइकांचा विरोध कशावर होता?

स्टोइक हा ग्रीक तत्त्वज्ञांचा एक पंथ. त्यांचं म्हणणं: न्याय फक्त बुद्धी असलेल्यांमध्ये असतो. प्राण्यांना बुद्धी नाही, म्हणून त्यांच्याशी न्याय-अन्याय संभवत नाही. त्यांच्यातल्या क्रायसिपसच्या नावावर एक वाक्य सांगतात: डुकराला जीव दिला आहे तो मिठाच्या जागी, मांस नासू नये म्हणून. ढेकूण आपल्याला वेळेवर उठवायला आहेत आणि उंदीर वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय लावायला, हेही त्याचंच.

पण याच क्रायसिपसने दिलेलं कुत्र्याचं उदाहरण त्याच्यावर उलटलं. सावजामागे धावणारा कुत्रा तिठ्यावर येतो. दोन वाटा हुंगतो, वास नाही. तिसरी न हुंगताच तिच्यावर सुटतो. म्हणजे 'ही नाही, ती नाही, म्हणून उरलेली' हे त्याने ताडलं की नाही? विरोधकांनी पुढे हा कुत्रा स्टोइकांच्या अंगावर वारंवार सोडला.

एपिक्युरस चैनी होता, मग तो तर मांस खातच असणार?

सुख हेच ध्येय मानणारा हा तत्त्वज्ञ, म्हणून तसं वाटतं. पण उलट, पाव आणि पाणी यांवर तो खूश असे. एका पत्रात चीजचं मडकं पाठव, म्हणजे वाटलं तर मेजवानी करता येईल, असं मागतो. पण तत्त्व म्हणून त्याने प्राण्यांना न्यायाबाहेर ठेवलं. न्याय हा एकमेकांना इजा न करण्याचा करार. ज्यांना करार करता येत नाही त्यांच्याबाबत काही न्याय्यही नाही आणि अन्याय्यही नाही. त्याचा शिष्य हर्मार्कस पुढे म्हणतो की निरुपद्रवी प्राणीसुद्धा मोकाट वाढले तर माणसाला त्रासच होईल. भटक्या जनावरांवरच्या आजच्या कुठल्याही वादात हे दोन्ही मुद्दे जसेच्या तसे ऐकू येतात.

प्लूटार्क एवढा चिडून का लिहितो?

प्लूटार्क हा रोमन काळातला ग्रीक लेखक. मांस खाण्यावरची त्याची दोन भाषणं अपुरी सापडली आहेत, पण आच टिकून आहे. सुरुवातीलाच तो प्रश्न उलटा फिरवतो: पायथागोरसने मांस का सोडलं हे काय विचारता? ज्याने पहिल्यांदा मेलेल्या जनावराला तोंड लावलं, त्याच्या मनात काय होतं ते विचारा. मग आव्हान: निसर्गाने तुला मांसाहारी केलं म्हणतोस ना, तर चाकू-कुऱ्हाड न घेता, दातांनी फाडून खा. तेल, मध, व्हिनेगर, अरबी मसाले लावून आपण मांस रांधतो ते प्रेताला लेप लावल्यासारखं, असंही तो म्हणतो. आणि त्याचा प्राणी बोलतो: गरज असेल तर मार, पण जेवण जास्त चविष्ट व्हावं म्हणून मारू नकोस.

हा माणूस डेल्फीच्या मंदिरात पुजारी होता, जिथे बळी दिले जात. ही ओढाताण त्याने लपवली नाही, सोडवलीही नाही.

त्याचं मला जास्त आवडणारं लिखाण वेगळ्याच जागी आहे, रोमन केटोच्या चरित्रात. म्हातारे गुलाम विकून टाकावेत या केटोच्या सल्ल्यावर तो भडकतो: जीव म्हणजे काय झिजलेलं पायताण आहे? मी तर माझा म्हातारा बैलही विकणार नाही. आणि मग एका खेचराची गोष्ट सांगतो. अक्रॉपोलिसवरचं मोठं मंदिर बांधताना जी खेचरं राबली, त्यांना मोकळं सोडलं. त्यातलं एक आपणहून परत येई आणि जुंपलेल्या खेचरांच्या पुढे-पुढे चढ चढे, जणू त्यांना धीर देत. अथेन्सच्या लोकांनी ठराव केला की मरेपर्यंत त्याचा चारा सरकारी खर्चाने.

पॉर्फिरीचं पुस्तक कशाबद्दल आहे?

इ.स. तिसरं शतक. टायर शहरात जन्मलेला पॉर्फिरी रोममध्ये प्लॉटायनस या तत्त्वज्ञाचा शिष्य झाला. फिर्मुस कास्त्रिकियुस नावाचा त्याचा गुरुबंधू मांस सोडून पुन्हा मांसाकडे वळला, हे कळल्यावर त्याने चार भागांचा ग्रंथ लिहिला, 'एम्प्सिखापासून दूर राहण्याविषयी'. आधी विरोधकांचे मुद्दे सविस्तर मांडले आहेत, अगदी प्रामाणिकपणे. हर्मार्कसचं म्हणणं आपल्याला मिळतं ते इथूनच.

तिसऱ्या भागात तो प्राण्यांच्या बुद्धीची बाजू घेतो आणि मधेच स्वतःचा अनुभव सांगतो. कार्थेजमध्ये त्याने एक तित्तिर पाळला होता. तो अंगाशी खेळे, लाडात येई, आणि पॉर्फिरी बोलला की उत्तर दिल्यासारखा आवाज काढी. तित्तिर एकमेकांना साद घालतात तसा नव्हे, निराळा. पॉर्फिरी गप्प बसला की तोही गप्प. तर्काच्या ढिगातून वाट काढत असताना हा पक्षी अचानक समोर येतो आणि क्षणभर वाटतं की खरा युक्तिवाद हाच.

पण आपला उपदेश सर्वांसाठी नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. मल्ल, सैनिक, अंगमेहनत करणारे यांना तो वगळतो. मी कोण आणि कुठून आलो, हा प्रश्न ज्याला पडला आहे त्याच्यासाठीच हे आहे. आजच्या वाचकाला इथे ठेच लागते. बैलावर अन्याय होतो म्हणायचं आणि मग मल्लाला सूट द्यायची, हे जुळत नाही.

'वनस्पतींनाही जीव असतोच की' हा मुद्दा तेव्हा होता का?

होता, आणि तेव्हाही तो बहुधा वाद संपवण्यासाठीच वापरला जाई. पॉर्फिरीचं उत्तर: वनस्पतींना वेदना, भीती, जाणीव नाही, ज्याला जाणवतच नाही त्याला इजा कशी होणार? दुधाला, लोकरीला, मधाला त्याची हरकत नव्हती. आपण त्या प्राण्यांची काळजी घेतो, त्यातला हा वाटा.

शेवटी कोणाचं म्हणणं टिकलं?

स्टोइकांचं. बळीची प्रथा ख्रिस्ती सम्राटांनी मोडली. थिओडोसिअसची बंदी ३९१ ची. पण मांस राहिलं. 'मारू नकोस' ही आज्ञा प्राण्यांना लागू नाही, कारण त्यांचा आपल्याशी बुद्धीचा संबंध नाही, असं संत ऑगस्टिनने लिहिलं. देव बदलला, वेदी गेली, युक्तिवाद क्रायसिपसचा.

हे सगळं भारतातून ग्रीसमध्ये गेलं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं. पायथागोरस भारतात येऊन गेला, या कथा त्याच्यानंतर कित्येक शतकांनी रचलेल्या आहेत. त्यांवर काही उभारू नये.

खऱ्या गाठी पुढे पडल्या. इ.स.पू. ३२६ मध्ये सिकंदराबरोबर आलेला ओनेसिक्रिटस तक्षशिलेला नग्न तपस्व्यांना भेटला. ग्रीसमध्ये असं कोणी शिकवतं का, या प्रश्नावर त्याने पहिलं नाव पायथागोरसचं सांगितलं: तोही सजीवांपासून दूर राहायला सांगे. पॉर्फिरीच्या चौथ्या भागात ब्राह्मण आणि 'समनायोई' येतात, म्हणजे आपले श्रमण. घंटा वाजली की प्रार्थना, मग भात, भाकरी, फळं, भाजी.

पण माझी आवडती गाठ कंदाहारची. १९५८ मध्ये तिथे अशोकाचा एक लेख सापडला, ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांतला. याच अशोकाच्या लेखांचे तुकडे आपल्या सोपाऱ्यालाही मिळाले आहेत, प्राकृतात. कंदाहारच्या ग्रीक लेखात 'धम्म' या शब्दासाठी भाषांतरकाराने निवडलेला शब्द आहे युसेबेया, थिओफ्रास्टसच्या हरवलेल्या ग्रंथाचं नाव. आणि राजाने मांस सोडलं हे सांगताना तो लिहितो, राजा एम्प्सिखापासून दूर राहतो. पॉर्फिरीच्या पुस्तकाच्या नावातलेच शब्द, पाचशेहून अधिक वर्षं आधी. पुढची ओळ अशी आहे: राजाचे शिकारी आणि कोळी यांनीही शिकार थांबवली आहे.